हृदयरोगाची प्रतिमा : काय दिसते, काय दिसत नाही

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानाचा मजकूर)



हृदयविकाराचा विषय निघाला की आज कोणत्याही घरात पहिला शब्द उच्चारला जातो तो अँजिओग्राफी. छातीत दुखले, पट्ट्यावर चालण्याच्या चाचणीत काही बदल आढळला, की रुग्णाला दाखल केले जाते; आणि पुष्कळदा असे घडते की तासाभरात कॅथलॅबबाहेर बसलेल्या नातलगांना आत बोलावून एक पडदा दाखवला जातो. करड्या पार्श्वभूमीवर काळ्या, नागमोडी रेषा हलत असतात. त्यांतल्या एकीवर बोट ठेवून सांगितले जाते, "इथे नव्वद टक्के ब्लॉक आहे. पेशंट टेबलावरच आहे. स्टेंट आत्ताच टाकायचा का, ते लगेच सांगा." मुलगा काकांना फोन लावतो, सून रडू लागते, आणि पाच-दहा मिनिटांत सही होते. ही सही कधी प्राण वाचवते. कधी त्या क्षणी तिची काहीच निकड नसते. या दोन प्रसंगांतला फरक नुसत्या त्या चित्रात दिसत नाही. तो का दिसत नाही, हाच आजच्या विवेचनाचा विषय आहे.

पडद्यावर जे दिसते ते मुळात काय असते, हे प्रथम समजून घेतले पाहिजे. हृदय हा स्नायू दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावतो. साऱ्या शरीराला रक्त पुरवणाऱ्या या स्नायूला स्वतःच्या पोषणासाठीही रक्त लागते, आणि ते त्याच्या पृष्ठभागावरून जाणाऱ्या करोनरी धमन्यांतून मिळते. या धमन्या मुळाशी तीन ते पाच मिलिमीटर रुंद, म्हणजे साधारण बॉलपेनच्या रिफिलीएवढ्या असतात. क्ष-किरणांना रक्त आणि स्नायू यांत भेद करता येत नाही. म्हणून धमनीत आयोडीनयुक्त द्रव सोडावा लागतो. आयोडीन क्ष-किरणांना अडवते, आणि तो द्रव वाहत असेतो, म्हणजे काही सेकंदच, धमनीच्या पोकळीची सावली पडते. अँजिओग्राफी म्हणजे ही सावली. धमनीची भिंत तिच्यात नसते.

ही सावली मिळवायला वैद्यकशास्त्राला साठाहून अधिक वर्षे लागली. १८९५ साली वुर्ट्सबुर्ग येथे राँटगेन यांनी क्ष-किरण शोधले, तेव्हा हाडे लगेच दिसू लागली. हृदय मात्र एक पुसट आकृती म्हणूनच राहिले. त्याच्या आत जाण्याची कल्पनाही वैद्यांना भयंकर वाटे. जिवंत माणसाच्या हृदयाला काही टोचले तर ते थांबेल, अशी सर्वत्र समजूत होती. १९२९ साली बर्लिनजवळच्या एबर्सवाल्ड या गावी पंचवीस वर्षांच्या वेर्नर फोर्समान या डॉक्टराने ती समजूत स्वतःच्या देहावर तपासून पाहिली. वरिष्ठांनी परवानगी नाकारली होती. उपकरणांची किल्ली गेर्डा डिट्झेन या परिचारिकेकडे होती. प्रयोग आपल्यावर करावा, अशी तयारी तिने दाखवली. फोर्समान यांनी तिला टेबलावर बांधले, तिच्याच हातावर काम चालू असल्याचा बहाणा केला आणि प्रत्यक्षात स्वतःच्या डाव्या हाताची शीर उघडून तीत मूत्रमार्गासाठी वापरली जाणारी बारीक नळी पासष्ट सेंटिमीटरपर्यंत आत सरकवली. मग त्या नळीसह ते क्ष-किरण विभागात गेले आणि आरशात पडद्याकडे पाहत नळीचे टोक हृदयाच्या उजव्या अलिंदात पोहोचवून छायाचित्र काढून घेतले.

या धाडसाचे कौतुक झाले असेल असे वाटते. झाली ती उपेक्षाच. हृदयविज्ञानात त्यांना स्थान मिळाले नाही आणि पुढे त्यांनी मूत्ररोगांचा व्यवसाय पत्करला. न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात आंद्रे कूर्नां आणि डिकिन्सन रिचर्ड्स यांनी १९४० नंतरच्या दशकात त्याच मार्गाने हृदयातील दाब आणि रक्तप्रवाह पद्धतशीर मोजले, आणि १९५६ चे नोबेल पारितोषिक या तिघांना मिळून देण्यात आले. (फोर्समान यांच्या चरित्राला एक काळी बाजूही आहे. ते नाझी पक्षाचे सदस्य होते. धाडस आणि विवेक एकाच माणसात एकत्र नांदतातच असे नाही.)

नळी हृदयात गेली, तरी करोनरी धमनीच्या तोंडात थेट द्रव सोडणे म्हणजे रुग्णाचा अंत, हे भय कायम होते. ते दूर झाले एका अपघाताने. ३० ऑक्टोबर १९५८ रोजी अमेरिकेतील क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये डॉ. मेसन सोन्स एका सव्वीस वर्षांच्या तरुणाची तपासणी करीत होते. सांधेतापाने त्याच्या हृदयाच्या झडपा बिघडल्या होत्या. महाधमनीत द्रव सोडायचा होता. ऐन वेळी नळीचे टोक घसरून उजव्या करोनरी धमनीत शिरले आणि सुमारे तीस घनसेंटिमीटर द्रव थेट तिच्यात गेला. पडद्यावर ती धमनी शाखांसह उजळून निघाली, आणि हृदय थांबले. सोन्स यांनी रुग्णाला मोठ्याने खोकायला सांगितले. तो खोकला, आणि हृदय पुन्हा धडधडू लागले. एवढा द्रव जाऊनही माणूस जगतो, तर त्याहून कितीतरी कमी द्रव जाणीवपूर्वक का देऊ नये, असा विचार त्यांनी केला. आजही कॅथलॅबमध्ये रुग्णाला मधूनच "जोरात खोका" असे सांगितले जाते, त्याचे मूळ असे जुने आहे.

अडथळा नेमका कोठे आहे हे कळल्याखेरीज त्याला वळसा घालणारी शस्त्रक्रिया शक्यच नव्हती. त्याच संस्थेत १९६७ साली अर्जेंटिनाचे रेने फावालोरो यांनी पायाची शीर वापरून बायपासची पद्धत रूढ केली, ती सोन्स यांच्या चित्रफितींचा अभ्यास करूनच. पुढचे पाऊल झुरिचला पडले. आन्द्रेआस ग्रुन्ट्सिग यांनी आपल्या घराच्या स्वयंपाकघरात बारीक नळ्यांवर फुगे बसवून पाहिले आणि १६ सप्टेंबर १९७७ रोजी अडतीस वर्षांच्या एका पूर्ण जाग्या रुग्णाच्या करोनरी धमनीतील अरुंद भाग असा फुगा फुगवून रुंद केला. हीच पहिली करोनरी अँजिओप्लास्टी. निदानाचे चित्र त्या दिवशी उपचाराचे साधनही बनले. पडद्यावर पाहत पाहतच उपचार करायचा आणि तो झाला की नाही हेही त्याच पडद्यावर पाहायचे, अशी ही रीत आहे. फुगवलेली धमनी पुन्हा आक्रसू नये म्हणून जाळीदार स्टेंट १९८६ मध्ये आला आणि औषधाचा लेप असलेला स्टेंट त्यानंतर दीड दशकाने.

ग्रुन्ट्सिग स्वतः मात्र फार सावध होते. बायपाससाठी पात्र ठरणाऱ्यांपैकी केवळ दहा ते पंधरा टक्के रुग्णच या उपचाराला योग्य असावेत, असा त्यांचा १९७९ मधील अंदाज होता. पुढे साधने सुधारली, तेव्हा तो आकडा वाढणे स्वाभाविक होते. पण साधनांबरोबर एक सवयही वाढली. चित्रात अरुंद जागा दिसली की ती रुंद करायची. नळात कचरा अडकला आहे, तो काढला की पाणी वाहील, ही उपमा इतकी सोपी आहे की ती डॉक्टरालाही मोहवते आणि नातलगालाही.

धमनी म्हणजे नळ नव्हे. ती जिवंत आहे. तिच्या भिंतीत मेदाचा साका, ज्याला डॉक्टर प्लाक म्हणतात, साचू लागतो तेव्हा भिंत प्रथम बाहेरच्या बाजूला फुगते आणि आतली पोकळी बराच काळ जशीच्या तशी ठेवते. शिकागोचे सेमूर ग्लॅगॉव्ह यांनी १९८७ मध्ये दाखवून दिले की साक्याने धमनीचा सुमारे चाळीस टक्के भाग व्यापेपर्यंत पोकळी कमी होत नाही. अँजिओग्राफीत तर फक्त पोकळीची सावली असते. म्हणजे भिंत रोगट असूनही चित्र निर्दोष दिसू शकते. झटका येतो तो बहुधा अशा साक्यावरचे पातळ आवरण फाटून तेथे रक्ताची गुठळी झाल्याने. आणि फाटणारी जागा दर वेळी सर्वांत अरुंद जागाच असते असे नाही. पुष्कळ झटके पूर्वी किरकोळ वाटलेल्या जागी येतात. नव्वद टक्क्यांच्या जागी स्टेंट बसवला म्हणजे पुढच्या झटक्याचा विमा उतरवला, ही समजूत म्हणूनच खरी नाही.

हे केवळ तर्काने सांगितलेले नाही. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'करेज' या अभ्यासात स्थिर हृदयविकाराच्या २,२८७ रुग्णांची दोन गटांत विभागणी केली होती. एका गटाला योग्य औषधे, दुसऱ्याला औषधांबरोबर अँजिओप्लास्टी. मृत्यू आणि झटके यांत फरक पडला नाही. मग ३७ देशांतील ५,१७९ रुग्णांचा 'इस्केमिया' हा त्याहून मोठा अभ्यास झाला. त्यात भारतातील रुग्णालयेही सहभागी होती. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला त्याचाही निष्कर्ष मूलतः तोच. ज्यांना वारंवार छातीत दुखत होते त्यांना स्टेंट किंवा बायपासने अधिक आराम पडला. आयुष्य मात्र वाढले नाही.

येथे एक गोष्ट अत्यंत स्पष्टपणे सांगणे आवश्यक आहे, नाहीतर अर्धवट ऐकलेले व्याख्यान कोणाच्या तरी जिवावर बेतेल. वरील अभ्यास स्थिर विकाराचे आहेत. छातीत दाब, घाम, डावा हात किंवा जबडा दुखणे, जीव घाबरणे असे अचानक सुरू झाले आणि ईसीजीत झटक्याचे बदल दिसले, तर तेथे चर्चेला जागा नाही. धमनी पूर्ण बंद झालेली असते आणि स्नायू मिनिटामिनिटाने मरत असतो. रुग्णालयात पोहोचल्यापासून नव्वद मिनिटांच्या आत धमनी उघडावी, असा वैद्यकीय दंडक आहे. अशा वेळी "आधी दुसरे मत घेऊ" म्हणणे हा शहाणपणा नव्हे. डाव्या मुख्य धमनीतील मोठा अडथळा हाही वेगळा विषय आहे. तेथे औषधांवर विसंबून चालत नाही.

मग उरलेल्या, स्थिर प्रकृतीच्या रुग्णांत कोणता अडथळा खरोखर रक्त अडवतो, हे कसे ठरवायचे? डोळ्यांनी पाहून ठरवलेले सत्तर टक्के दुसऱ्या डॉक्टरच्या डोळ्यांना पन्नासही वाटू शकतात. यावर नेदरलँड्सचे निको पाइल्स आणि बेल्जियमचे बर्नार्ड द ब्रुइन यांनी १९९० नंतरच्या दशकात उपाय शोधला. दाब मोजणारी केसासारखी तार अडथळ्याच्या पलीकडे न्यायची आणि अलीकडचा व पलीकडचा दाब ताडून पाहायचा. या परीक्षेला एफएफआर म्हणतात. गुणोत्तर ०.८० च्या वर असेल तर तो अडथळा दिसायला कितीही भीतिदायक असो, सहसा त्याला हात लावण्याची गरज नसते. २००९ साली १,००५ रुग्णांवरील 'फेम' अभ्यासात असे मोजून स्टेंट बसवलेल्या गटात स्टेंट कमी लागले आणि नंतरचा त्रासही कमी झाला. चित्राला मोजमापाची जोड दिली की चित्र अधिक प्रामाणिक होते.

अँजिओग्राफीचा एवढा विस्तार झाला तो ती निर्णायक वाटते म्हणून. परंतु हृदयाची सर्वांत उपयुक्त प्रतिमा कोणती असे विचारले तर उत्तर बहुधा 'इको' हे येईल. तिचा जन्मही मनोरंजक आहे. स्वीडनमधील लुंड येथे इंगे एड्लर या हृदयतज्ज्ञाला शस्त्रक्रियेपूर्वी झडपेची अवस्था जाणून घ्यायची होती. कार्ल हेल्मुथ हर्ट्झ या तरुण भौतिकशास्त्रज्ञाला ठाऊक होते की जहाजबांधणीत पोलादातील तडे श्राव्यातीत ध्वनीच्या प्रतिध्वनीने शोधतात. माल्मोच्या गोदीतले तसले यंत्र त्यांनी वापरून पाहिले आणि २९ ऑक्टोबर १९५३ रोजी धडधडत्या हृदयाचा प्रतिध्वनी नोंदवला. पोलादातला तडा शोधणारे यंत्र माणसाच्या हृदयाला लावण्याची सूझ कौतुकास्पद आहे. या तपासणीत क्ष-किरण नाहीत, सुई नाही, द्रव नाही; ती रुग्णाच्या खाटेपाशी करता येते आणि दहा वेळा केली तरी अपाय नाही. झडपा गळतात की चिकटल्या आहेत, स्नायूचा कोणता भाग हलत नाही, प्रत्येक ठोक्याला डावे निलय आपल्यातले किती रक्त बाहेर फेकते, हे सारे ती सांगते. हे शेवटचे प्रमाण म्हणजे रिपोर्टातील 'ईएफ'. ते शंभर टक्के असायला हवे असे समजून साठ टक्के वाचताच घाबरणारी माणसे पुष्कळ आहेत. प्रत्यक्षात पंचावन्न ते सत्तर हे प्रकृतिमान आहे. सांधेतापाने झडपा बिघडणे हा आपल्या देशात, विशेषतः गरीब वस्त्यांत, अजूनही संपलेला रोग नाही, आणि त्याच्यासाठी इकोइतके स्वस्त आणि निर्धोक साधन दुसरे नाही. करोनरी धमन्यांच्या आतले अडथळे मात्र तिच्यात दिसत नाहीत, म्हणून "इको नॉर्मल आहे, आता काळजी नाही" हेही पूर्ण सत्य नव्हे.

भिंत दाखवण्याचे काम सीटी स्कॅन करते. लंडनमध्ये १९७१ साली गॉडफ्रे हाउन्सफिल्ड यांच्या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे चित्र घेतले. त्यांना आणि अ‍ॅलन कॉरमॅक यांना १९७९ चे नोबेल मिळाले. मेंदू स्थिर असतो, हृदय क्षणभरही थांबत नाही, त्यामुळे हृदयासाठी पुरेसे वेगवान यंत्र यायला २००४-०५ पर्यंत वाट पाहावी लागली. हातातील शिरेतून द्रव देऊन सीटी अँजिओग्राफी होते. धमनीत नळी घालावी लागत नाही. स्कॉटलंडमधील 'स्कॉट-हार्ट' अभ्यासात ४,१४६ रुग्ण होते. नेहमीच्या तपासणीच्या जोडीला सीटी अँजिओग्राफी केलेल्या गटात पाच वर्षांत हृदयविकाराने मृत्यू किंवा झटका येण्याचे प्रमाण २.३ टक्के राहिले; दुसऱ्या गटात ते ३.९ टक्के होते. आणि गंमत अशी की, पाच वर्षांअखेर स्टेंट आणि बायपासची संख्या दोन्ही गटांत जवळजवळ सारखीच होती. फरक पडला तो मुख्यतः औषधांमुळे. भिंतीतला साका डोळ्यांनी दिसल्यावर योग्य माणसाला योग्य औषधे सुरू झाली. चित्राचा सर्वांत मोठा उपयोग चाकू किंवा फुगा नव्हे, तर रोज रात्री घ्यावयाची एक गोळी असू शकतो. तथापि धमनीत चुना फार साठलेला असेल किंवा जुना स्टेंट असेल तर सीटीचे चित्र भ्रामक होते, आणि ठोके जलद असतील तर ते हलते. म्हणून तपासणीपूर्वी ठोके मंद करणारे औषध देतात.

किरणोत्सारी द्रव्याच्या साहाय्याने रक्तपुरवठा पाहण्याची न्यूक्लिअर स्कॅन पद्धत आणि एमआरआय या दोन्ही एका विशिष्ट प्रश्नासाठी मोलाच्या आहेत. झटक्यानंतर दुबळा पडलेला स्नायू मेला आहे की केवळ उपाशी आहे? मेलेल्या स्नायूची धमनी उघडून फारसे काही साधत नाही. पहिल्या पद्धतीत वापरले जाणारे टेक्निशियम सहा तासांत निम्मे ओसरते, त्यामुळे भीतीचे कारण नाही. मुंबईत परळ येथील रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून या क्षेत्रात काम करीत आहे.

उपस्थितांपैकी अनेकांच्या मनात एक विचार येत असेल : घरात मांसाहार नाही, व्यसन नाही, मग धमन्यांची चिंता कशाला? याचे उत्तर सुखद नाही. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासानुसार दक्षिण आशियातील माणसाला पहिला झटका साधारण ५३ व्या वर्षी येतो. इतर देशांत तो ५८-५९ च्या सुमारास. मधुमेह, रक्तदाब, पोटाचा घेर आणि रक्तातील मेद या गोष्टी ताटात मांस आहे की नाही हे विचारत नाहीत. तूप, साखर, मैदा आणि बैठा व्यवसाय यांच्यावर वाढलेली धमनी सीटीच्या पडद्यावर इतरांच्यासारखीच दिसते.

खर्चाचाही उल्लेख व्हायला हवा. पूर्वी एका स्टेंटची किंमत लाखाच्या घरात सांगितली जाई. फेब्रुवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध मूल्य निर्धारण प्राधिकरणाने औषधयुक्त स्टेंटची कमाल किंमत २९,६०० रुपये आणि साध्या धातूच्या स्टेंटची ७,२६० रुपये ठरवली. त्यापायी एका मोठ्या अन्यायाला आळा बसला. परंतु नको असलेला स्टेंट स्वस्त झाला म्हणून हवासा होत नाही. स्टेंटनंतर रक्त पातळ ठेवणारी दोन औषधे कित्येक महिने न चुकता घ्यावी लागतात. त्या काळात दुसरी शस्त्रक्रिया लांबवावी लागते आणि रक्तस्रावाचा धोका राहतो. ही किंमत बिलात छापलेली नसते.

तेव्हा त्या पडद्यासमोर उभे राहिलेल्या मुलाने नेमके काय विचारावे? पहिला प्रश्न एवढाच की आत्ता झटका चालू आहे काय. उत्तर 'होय' असेल तर सही करून बाजूला व्हावे. 'नाही' असेल, तर अडथळा डाव्या मुख्य धमनीत आहे काय, औषधे पुरेशा मात्रेत देऊन पाहिली आहेत काय, आणि त्या अडथळ्यामुळे रक्त अडते हे एफएफआरने किंवा अन्य चाचणीने तपासले आहे काय, हे शांतपणे विचारावे. चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही. स्थिर रुग्णाला टेबलावरून उतरवून, घरच्यांना दोन दिवस विचार करू देऊन, नंतर उपचार करण्यात सहसा काही बिघडत नाही. तपासणीपूर्वी रक्तातील क्रिएटिनिन पाहिलेले असावे, कारण आयोडीनयुक्त द्रव मूत्रपिंडातून बाहेर पडतो आणि मधुमेही, वृद्ध माणसाला तो जड जाऊ शकतो.

अँजिओग्राफीची सीडी मागून घ्यावी आणि जपून ठेवावी. नुसता कागदी अहवाल पुरेसा नाही, कारण दुसरे मत देणाऱ्या डॉक्टराला ती हलती सावली स्वतःच्या डोळ्यांनी पाहायची असते. रुग्णाने किंवा त्याने नेमलेल्या व्यक्तीने मागणी केल्यास वैद्यकीय नोंदी ७२ तासांत द्याव्यात, असे भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या विनियमांत नमूद आहे. सीडीबरोबर जुने ईसीजी, इकोचा अहवाल आणि चालू औषधांची यादी एकाच फाइलमध्ये असावी, आणि ती फाइल कपाटाच्या कोणत्या कप्प्यात आहे हे घरातल्या किमान दोघांना ठाऊक असावे.